पार्श्वभूमी : जुन्या बॅकअप टेपा इम्पोर्ट होताना का अडतात

बंद पडलेल्या बॅकअप व्यवस्थेच्या टेपा नव्या सर्व्हरवर इम्पोर्ट करताना, म्हणजे त्यांवरचा डेटा वाचून नव्या व्यवस्थेच्या नोंदीत आणताना, एरर आला की टेप खराब झाली असे समजण्याची पद्धत आहे आणि तेवढ्यावरून चांगल्या टेपाही मोडीत निघतात. प्रत्यक्षात यांतील अनेक एररांचा चुंबकीय थराशी काहीही संबंध नसतो. टेपेवर काय लिहायचे आणि तिच्याबाहेर काय ठेवायचे याविषयी वेगवेगळ्या काळात जे निर्णय घेतले गेले, त्यांचे ते परिणाम असतात. टेप कोणत्या काळातली आहे हे कळले, तर एररचा अर्थ लावणे पुष्कळ सोपे होते.

अर्धा इंच रुंदीची टेप १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून संगणकांना जोडली जाऊ लागली, १९६४ नंतर नऊ ट्रॅकची मांडणी रूढ झाली, आणि १९७३ पर्यंत घनता इंचामागे ६२५० अक्षरांवर पोहोचली. त्या काळाविषयी येथे एवढेच सांगणे पुरे की टेप स्वतःची ओळख स्वतः देत असे. सुरुवातीला ८० अक्षरांचे लेबल, त्यात टेपेचा सहा अक्षरी क्रमांक आणि प्रत्येक फाइलीआधी तिचे स्वतंत्र लेबल अशी रचना १९६० च्या दशकातच प्रमाणित झाली होती. टेपा आपोआप बदलणाऱ्या यंत्रातल्या, म्हणजे टेप लायब्ररीतल्या, कार्ट्रिजच्या (डबीबंद टेपेच्या) बारकोडवर आजही दिसणारी सहा अक्षरे त्याच परंपरेतली आहेत. १९७९ मध्ये युनिक्स या संगणक प्रणालीसोबत आलेल्या ‘टार’ या फाइली एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक फाइलीपुढे ५१२ बाइटांचा हेडर, म्हणजे तिची माहिती देणारा भाग, ठेवला. अशा टेपा वाचण्यासाठी चालू स्थितीतला ड्राइव्ह लागतो, दुसरी कोणतीही नोंदवही लागत नाही.

त्या काळाने मागे ठेवलेली एक अडचण मात्र आजही भेटते, ती ब्लॉक साइजची, म्हणजे टेपेवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याच्या आकाराची. ‘टार’ सहसा ५१२ बाइटांचे २० भाग एकत्र करून १०,२४० बाइटांचा ब्लॉक लिहीत असे. पुढच्या सॉफ्टवेअरांनी हा आकार ६४ आणि २५६ किलोबाइटांपर्यंत नेला. ड्राइव्ह ठरावीक ब्लॉकवर लावलेला असेल आणि टेप वेगळ्या आकारात लिहिलेली असेल, तर वाचन पहिल्याच टप्प्यात थांबते. लिनक्सवर वाचनासाठी दिलेली जागा ब्लॉकपेक्षा लहान पडली, तर मेमरी कमी असल्याचा एरर येतो आणि तपासणारा सर्व्हरची मेमरी तपासत बसतो. ड्राइव्हचा ब्लॉक साइज शून्यावर, म्हणजे बदलत्या आकारावर, ठेवून मोठ्या ब्लॉकने वाचले की बहुधा हा प्रश्न सुटतो. काही बॅकअप सॉफ्टवेअर टेपेचा हेडर लहान ब्लॉकमध्ये आणि डेटा मोठ्या ब्लॉकमध्ये लिहितात. त्यामुळे नव्या सर्व्हरच्या ड्राइव्ह जोडणाऱ्या कार्डावर किंवा ड्रायव्हरमध्ये मोठ्या ब्लॉकला मर्यादा असेल, तर टेप ओळखली जाते, तिचे नाव पडद्यावर दिसते, आणि लगेच पुढचे वाचन फसते. हे दृश्य खराब टेपेसारखे दिसते, पण तसे नसते.

इम्पोर्टच्या अडचणींचा खरा उगम १९९० च्या दशकात आहे. १९८९ मध्ये डीडीएस ही कार्ट्रिज आली, डीएलटी हा दुसरा टेपप्रकार पसरला, आणि एकाच सर्व्हरने नेटवर्कवरील अनेक यंत्रांचा बॅकअप घेण्याची पद्धत रुळली. फाइली लाखांत गेल्या. एक फाइल परत हवी असेल, तर टेप पहिल्यापासून वाचत जाणे व्यवहारात शक्य राहिले नाही. म्हणून कोणती फाइल कोणत्या टेपेवर, कोणत्या जागी आणि कोणत्या तारखेची, ही सारी नोंद सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे कॅटलॉगमध्ये, ठेवली जाऊ लागली. प्रश्न असा होता की ही नोंद टेपेवरही ठेवायची की फक्त सर्व्हरवर.

यावर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांमध्ये एकमत झाले नाही. काहींनी फाइलींची यादी बॅकअप संचाच्या (एका वेळच्या बॅकअपच्या) शेवटी टेपेवरही लिहिली. काहींनी टेपेवर फक्त संचांचे हेडर आणि मूळ डेटा ठेवला. अशी टेप दोन टप्प्यांत इम्पोर्ट करावी लागते, आधी हेडर वाचून संच ओळखायचे आणि मग डेटा पुन्हा वाचून फाइलींची यादी उभी करायची. तिसऱ्या गटाने मात्र टेपेला केवळ साठवणीची जागा मानले आणि अर्थ पूर्णपणे डेटाबेसकडे सोपवला. त्या व्यवस्थेत डेटाबेस गेला तर टेप इम्पोर्ट करण्याची सोयच नाही. आधी डेटाबेसचा बॅकअप परत आणावा लागतो, आणि तो मिळाला नाही तर ड्राइव्ह निर्दोषपणे वाचत असलेला डेटाही कोणत्या फाइलीचा हे कळण्याचा सरळ मार्ग उरत नाही.

तिसऱ्या गटाची बाजू पोकळ नव्हती. डेटाबेस एकहाती असल्यामुळे जुन्या आवृत्त्या वगळणे, अर्धवट भरलेल्या टेपा एकत्र करणे आणि फक्त बदललेल्या फाइलींचा बॅकअप घेत राहणे शक्य झाले; टेपांची बचत झाली आणि रात्रीचा बॅकअप वेळेत संपू लागला. ज्या टेपा त्याच व्यवस्थेत राहतात, त्यांच्यासाठी हा निर्णय योग्यच होता. पण टेप ही व्यवस्थेपेक्षा जास्त काळ टिकण्यासाठी ठेवली जाते, आणि त्या निर्णयाची किंमत तो घेणाऱ्यांनी नव्हे, तर दहा-पंधरा वर्षांनी ती टेप हातात आलेल्या माणसांनी मोजली आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

पहिल्या गटाची पद्धतही निर्धोक नाही. बॅकअप अनेक टेपांवर पसरलेला असेल, तर यादी शेवटच्या टेपेवर असते. ती टेप हरवली असेल, तर सॉफ्टवेअर तिचीच मागणी करत राहते आणि हातातल्या टेपांचे काम अडून बसते. अशा वेळी टेपेवरील यादी वापरण्याचा पर्याय बंद करून डेटा सुरुवातीपासून ओळीने वाचायला सांगितले, तर उपलब्ध टेपांतील फाइलींची नोंद तयार होऊ शकते. याला कित्येक तास लागतात, आणि इम्पोर्ट अडकला आहे असे समजून तो मध्येच रद्द केला जाण्याची शक्यता असते.

कॅटलॉगबरोबर टेपेचे आयुष्यही डेटाबेसकडे गेले. रिटेन्शनची, म्हणजे बॅकअप राखून ठेवण्याची, मुदत संपली म्हणजे टेप पुसली जात नाही. फक्त तिची नोंद निघते आणि ती पुन्हा लिहिण्यासाठी मोकळी समजली जाते. म्हणूनच मुदत संपलेल्या टेपाही इम्पोर्ट होऊ शकतात. पण काही सॉफ्टवेअर नवी मुदत इम्पोर्टच्या दिवसापासून, मूळ रिटेन्शनइतकीच धरतात. मूळ मुदत दोन आठवड्यांची असेल, तर कष्टाने आणलेली टेप दोन आठवड्यांनी पुन्हा मोकळ्या टेपांत जाते आणि त्या रात्रीचा बॅकअप तिच्यावर लिहिला जाऊ शकतो. अनोळखी टेपेला आपोआप नवे लेबल देण्याची सोय चालू असेल, तर धोका आणखी जवळ येतो. टेपेच्या सुरुवातीला काहीही लिहिले गेले की तेथे डेटा संपल्याची खूण पडते. त्यापुढचा जुना डेटा थरावर शिल्लक असला तरी साधा ड्राइव्ह तिथवर जात नाही आणि ‘ब्लँक चेक’ एरर देतो. इम्पोर्टच्या पहिल्या पायरीआधी कार्ट्रिजची राइट-प्रोटेक्ट (लिहिणे रोखणारी) खिट्टी सरकवणे हा उपचार नाही, तर अट आहे.

याच दशकात वेगवान ड्राइव्ह अखंड चालत राहावा म्हणून अनेक यंत्रांचा डेटा एकाच टेपेवर आलटून पालटून लिहिण्याचे मल्टिप्लेक्सिंग आले. अशा टेपेचा आतला फॉरमॅट ‘टार’सारखा असला, तरी साध्या ‘टार’ने तिच्यातून सलग फाइली निघत नाहीत, ज्या सॉफ्टवेअरने ती लिहिली, तेच किंवा तिची रचना जाणणारे साधन लागते. विंडोजसोबत मिळणारा बॅकअप प्रोग्राम विंडोज व्हिस्टापासून काढून टाकण्यात आला, त्यामुळे त्याने लिहिलेल्या टेपांनाही तोच टेप फॉरमॅट वाचणारे दुसरे सॉफ्टवेअर शोधावे लागते.

२००० मध्ये १०० गिगाबाइटची एलटीओ-१, म्हणजे एलटीओ या टेपप्रकाराची पहिली पिढी, आली आणि ड्राइव्हने स्वतःच्या आधीच्या दोन पिढ्या वाचायच्या व एका पिढीवर लिहायचे, हा नियम इतका अंगवळणी पडला की तो कायमचा समजला गेला. २०१७ च्या एलटीओ-८ ने तो मोडला. तो ड्राइव्ह मागची फक्त एलटीओ-७ वाचतो. एलटीओ-९ फक्त एलटीओ-८ वाचतो, आणि २०२५ मध्ये आलेला एलटीओ-१० मागची एकही पिढी वाचत नाही. त्यामुळे २००७ च्या सुमाराची एलटीओ-४ कार्ट्रिज नव्या ड्राइव्हने परत बाहेर ढकलली, तर त्यात टेपेचा दोष नसतो. तिला चौथ्या, पाचव्या किंवा सहाव्या पिढीचाच ड्राइव्ह लागतो.

एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच २५६ बिटांच्या किल्लीने एन्क्रिप्शन (डेटाचे सांकेतिक लेखन) होऊ लागले. २००५ च्या सुमारास वाहतुकीत टेपा हरवल्याच्या घटना गाजल्या होत्या, आणि त्या भीतीला हे उत्तर होते. टेप वाचण्यासाठी लागणारी गोष्ट पुन्हा एकदा टेपेबाहेर गेली. किल्ली नसताना वाचायला गेल्यास ड्राइव्ह सहसा ‘डेटा प्रोटेक्ट’ या वर्गातला एरर देतो. नावावरून तो राइट-प्रोटेक्टशी जोडला जातो आणि खिट्टी मागे सरकवली जाते, म्हणजे नेमके करू नये तेच घडते. कॅटलॉग हरवला तर वेळ घालवून तो बहुतेक व्यवस्थांत पुन्हा उभा करता येतो. किल्ली हरवली तर येथे कोणताही इम्पोर्ट चालत नाही.

२०१० मध्ये एलटीओ-५ ने टेपेचे दोन विभाग पाडण्याची सोय दिली आणि त्यावर आधारित एलटीएफएस ही पद्धत आली, जिच्यात फाइलींची सूची टेपेच्याच एका विभागात राहते आणि लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरवाचून ती टेप उघडता येते. चित्रफिती आणि दीर्घकालीन संग्रहांसाठी ती वापरात आली. रोजच्या बॅकअपचे सॉफ्टवेअर मात्र बहुतांशी आपापल्या फॉरमॅटवर आणि आपापल्या कॅटलॉगवर कायम राहिले.