ऑक्सिजन ॲनलायझरचे कॅलिब्रेशन

वायूमिश्रणातील ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचे रीडिंग ज्ञात प्रमाणाच्या वायूशी ताडून पाहणे आणि फरक निघाल्यास ते जुळवणे, म्हणजे त्याचे कॅलिब्रेशन. महाड, रोहे, लोटे-परशुराम अशा कोकणातील औद्योगिक पट्ट्यांत बॉयलरच्या धुरासाठी सहसा झिर्कोनिया सेल (दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधील फरकानुसार व्होल्टेज देणारी सिरॅमिकची सेल) वापरतात. ती सुमारे ७०० अंश सेल्सियसला तापलेली असते. त्यामुळे सॉल्व्हंटच्या पेट घेणाऱ्या वाफा असलेल्या रिॲक्टरवर ती चालत नाही. तिथे पॅरामॅग्नेटिक सेल लागते; ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, त्यावरून ती मोजते.

सेल तापून स्थिर झाल्याशिवाय कॅलिब्रेशनला हात लावू नये. सिलिंडरचा रेग्युलेटर दोन-तीनदा भरून रिकामा करावा, पुस्तिकेत दिलेला प्रवाह ठेवावा आणि रीडिंग हलायचे थांबले की जुळवणीआधीचा आकडा नोंदवावा. हा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत, पण दोष शोधताना सर्वांत उपयोगी तोच पडतो. पॅरामॅग्नेटिकला झिरोसाठी, म्हणजे मोजणीचे खालचे टोक जुळवायला, शुद्ध नायट्रोजन चालतो. झिर्कोनियाचे व्होल्टेज लॉगरिदमने बदलते, शून्य ऑक्सिजनला ठरावीक व्होल्टेजच नसते, म्हणून तिला नायट्रोजनमध्ये ०.४ ते १ टक्का ऑक्सिजन असलेले मिश्रण द्यावे. ७०० अंशांना, संदर्भबाजूला हवा असताना, १ टक्क्याला सुमारे ६४ मिलिव्होल्ट मिळायला हवेत आणि हवेला शून्य. सेलच्या तारांवर हे बरोबर येत असेल तर दोष पुढच्या सर्किटमध्ये आहे.

स्पॅनसाठी, म्हणजे मोजणीचे वरचे टोक जुळवायला, बाहेरची हवा घेण्याची सवय कोकणात महागात पडते. २०.९५ टक्के हा आकडा कोरड्या हवेचा आहे. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की बाष्प जागा व्यापते आणि ऑक्सिजन सुमारे २०.२ टक्केच उरतो. त्या हवेवर २०.९५ लावले की कोरड्या सँपलमधला ५ टक्के ऑक्सिजन ५.२ दिसू लागतो. हवा सिलिका जेलमधून घ्यावी; जेलचा रंग पालटला की लगेच बदलावे, जून-जुलैत ते फार लवकर ओले होते.

याहून घातक चूक झिरोची. रेग्युलेटर किंवा नळीच्या जोडातून हवा शिरून नायट्रोजनमध्ये ०.३ टक्का ऑक्सिजन आला आणि त्यालाच शून्य ठरवले, तर पुढे यंत्र तेवढे कमी दाखवते. रिॲक्टरमध्ये ऑक्सिजन असताना तो नाही असे वाटणे म्हणजे स्फोटाला वाट देणे. रबरी व सिलिकॉन नळ्यांच्या भिंतीतूनही ऑक्सिजन झिरपतो. स्टेनलेस स्टीलची नळीच घ्यावी. प्रवाह थोडा वाढवल्यावर झिरो खाली आला तर गळती आहे असे समजावे आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून ती शोधावी. गळती बंद होईपर्यंत झिरोला हात लावू नये.

झिर्कोनियाचे रीडिंग कॅलिब्रेशन वायूवर बरोबर पण धुरात कमी येत असेल, तर धुरात न जळालेला कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. सेलवरच्या तापलेल्या प्लॅटिनमवर तो जळतो आणि सेलजवळचा ऑक्सिजन खातो. वायू बंद केल्यावर रीडिंग मूळ पातळीला रेंगाळत येत असेल तर डिफ्युझर (सेलपुढची सच्छिद्र जाळी) राखेने बुजला आहे.

खाऱ्या हवेचा मारा टर्मिनल बॉक्सवर होतो. तांब्याच्या तारांवर हिरवट थर चढतो, थर्मोकपलचा (सेलचे तापमान मोजणाऱ्या तारांचा) जोड कच्चा होतो, तापमान उड्या मारते आणि त्याबरोबर रीडिंगही. अशा वेळी झिरो-स्पॅन फिरवून काही साधत नाही; तारेचे टोक कापून नवे लग (टोकाचे धातूचे जोड) बसवावेत आणि केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथले सील) व झाकणाचे गॅस्केट पावसाआधीच बदलावे.