सेशन वादक (रॉक संगीत)

सेशन वादक : गाणे ज्या गायकाच्या किंवा बँडच्या नावावर विकले जाते त्या बँडचा सभासद नसलेला, केवळ ध्वनिमुद्रणापुरता बोलावलेला आणि तासांच्या हिशेबाने मानधन घेणारा वादक. जाझ, चित्रपट व जाहिरातींच्या संगीतात ही पद्धत रॉकच्या आधीपासून रूढ होती. प्रस्तुत नोंदीत साधारणपणे १९६० ते १९७५ या काळातील अमेरिकन व ब्रिटिश रॉकपुरता तिचा विचार केला आहे. या काळातल्या अनेक गाजलेल्या तबकड्यांवरचे ड्रम, बेस किंवा पियानो वेष्टनावर छायाचित्र असलेल्या मंडळींनी वाजवलेले नाहीत. स्टुडिओचा वेळ महाग होता आणि एका सेशनचे माप बहुधा तीन तासांचे असे. तेवढ्यात दोन-तीन गाणी हातावेगळी करायची, तर नोटेशन पाहताक्षणी वाजवणारा, तालाला पक्का माणूस निर्मात्यांना हवा असे. मानधन एकरकमी मिळे, विक्रीत वाटा नसे आणि नाव छापण्याचे बंधन कुणावरच नव्हते. परिणामी कोणी काय वाजवले हे ठरवणे हाच या विषयाचा गाभा झाला आहे. त्यातले बरेचसे काम विद्यापीठांनी नव्हे, तर दर्दी श्रोत्यांनी केले आहे.

लॉस अँजेलिस : येथील वादकांचा गट सर्वांत अधिक अभ्यासला गेला आहे. हॅल ब्लेन व अर्ल पामर (ड्रम), कॅरल के व जो ऑस्बर्न (बेस), लॅरी नेक्टल व लिऑन रसेल (पियानो), टॉमी टेडेस्को (गिटार) ही त्यातली ठळक नावे. गोल्ड स्टार स्टुडिओत निर्माता फिल स्पेक्टरने केलेली ध्वनिमुद्रणे आणि बीच बॉइजची ‘पेट साउंड्स’ (१९६६) ही तबकडी मुख्यतः याच गटाच्या हातची आहे. जानेवारी १९६५ मध्ये बर्ड्‌सचे ‘मिस्टर टँबुरीन मॅन’ ध्वनिमुद्रित झाले तेव्हा बँडपैकी फक्त रॉजर मग्विनने वाद्य वाजवले. ड्रमवर ब्लेन, बेसवर नेक्टल आणि कीबोर्डवर रसेल होते.

या गटाला आज सर्रास ‘रेकिंग क्रू’ (वाट लावणारी टोळी) म्हटले जाते. हे नाव केव्हाचे, याविषयी तीव्र मतभेद आहेत. ब्लेनच्या सांगण्याप्रमाणे कोट-टाय घालून येणाऱ्या जुन्या पिढीच्या वादकांना जीन्स आणि टी-शर्टमधली ही पोरे धंद्याची वाट लावतील असे वाटे, आणि नाव त्यावरूनच पडले. कॅरल के यांना हे मान्य नाही. १९६० च्या दशकात असे नाव कुणाच्या तोंडी नव्हते, फार तर ‘क्लीक’ (कंपू) असा उल्लेख होई आणि वादक स्वतंत्रपणे कामे घेत, असे त्या सातत्याने सांगत आल्या आहेत. नावाचा प्रसार ब्लेनच्या १९९० मधील आत्मचरित्रानंतर झाला, याबद्दल फारसा वाद नाही. टेडेस्कोचा मुलगा डेनी याचा माहितीपट (२००८) आणि केंट हार्टमनचे पुस्तक (२०१२) यांनी ते कायमचे रुजवले. माहितीपटात वापरलेल्या गाण्यांच्या हक्कांची पूर्तता होईपर्यंत तो चित्रपटगृहांत लागू शकला नाही. त्याला २०१५ उजाडले. एखाद्या स्टुडिओत कुणी गमतीने तसे म्हटले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मात्र ठराविक सभासदांचा, स्वतःला या नावाने ओळखणारा गट १९६० च्या दशकात होता असे मानण्यास आधार अपुरा आहे. हे नाव मागाहून दिलेले आहे असे धरून चालणे अधिक सयुक्तिक ठरते.

पुराव्याची साधने : अमेरिकेत प्रत्येक सेशनचा करारनामा वादक संघटनेकडे जात असे. त्यावर तारीख, वेळ, गाण्यांची नावे, वादकांची नावे व मानधन लिहिलेले असे. संशोधकांची सर्वाधिक मदार या कागदांवर असली, तरी ते डोळे झाकून वापरता येत नाहीत. एकाच सेशनमधील सर्व गाण्यांवर सर्वांनी वाजवले असेलच असे नाही. ध्वनिमुद्रण पुढे दुसऱ्या दिवशी नव्या वादकांकडून भरले जाई आणि गाण्याचे नाव त्यानंतरही बदले. वादकांच्या आठवणींची अडचण वेगळीच आहे. दिवसाला तीन-तीन सेशन करणाऱ्याला सकाळी काय वाजवले ते संध्याकाळी आठवत नसे, आणि गाणे बाजारात येईतो त्याचे नाव त्याला ठाऊकही नसे. तीस वर्षांनी विचारलेल्या प्रश्नाचे प्रामाणिकपणे दिलेले उत्तरही त्यामुळे चुकीचे असू शकते.

याचे सर्वांत कटू उदाहरण डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या तबकड्यांवरील बेसचे आहे. हा विषय काटेकोरपणे रॉकचा नसला तरी रॉकच्या बेसवादनावर या तबकड्यांचा ठसा इतका खोल आहे की तो येथे टाळता येत नाही. आपण मोटाउनच्या अनेक प्रसिद्ध गाण्यांवर बेस वाजवला, असा कॅरल के यांचा दावा आहे. ॲलन स्लट्स्कीने १९८९ मधील आपल्या पुस्तकात कंपनीच्या निर्मात्यांच्या व सहवादकांच्या साक्षींच्या आधारे त्यांतील प्रमुख गाण्यांचे श्रेय डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनला (१९३६–८३) दिले. मोटाउनची काही ध्वनिमुद्रणे लॉस अँजेलिसमध्ये झाली आणि त्यांत के होत्या, एवढे उघड आहे. वाद आहे तो नेमक्या गाण्यांचा. जेमर्सन एकाच बोटाने तार छेडे. त्याच्या बेसच्या तारा जुन्या, घासलेल्या असत आणि तो त्या बदलत नसे. त्यामुळे उमटणारा दबका, गोल आवाज आणि मधल्या अर्ध्या मात्रांवरची त्याची सहज उडी कानाला ओळखू येते. बहुसंख्य अभ्यासक जेमर्सनच्या बाजूने आहेत आणि ध्वनीचा पुरावाही त्याच दिशेने जातो. या वादाचे मूळ दोघांपैकी कुणाच्या स्मृतीत नाही. १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत मोटाउनने आपल्या वादकांची नावे छापलीच नव्हती, तेथूनच तो सुरू होतो.

लंडन : येथे करारनाम्यांचा साठा त्या मानाने तुटपुंजा असल्याने आख्यायिकांना अधिक वाव मिळाला. जिमी पेज व जॉन पॉल जोन्स हे दोघे लेड झेपेलिनच्या स्थापनेपूर्वी सेशन वादक होते. पेजच्या पुढील कीर्तीमुळे त्याच्या नावावर अनेक गाणी परस्पर चढवली गेली. किंक्सच्या ‘यू रिअली गॉट मी’ (१९६४) मधील गिटारचा तुकडा त्याचाच, ही समजूत त्यांपैकी सर्वांत चिवट आहे. निर्माता शेल टॅल्मीने तो बँडच्याच डेव्ह डेव्हिसचा असल्याचे सांगितले आहे आणि पेजनेही आपण तो वाजवला नसल्याचे म्हटले आहे. पेज किंक्सच्या पहिल्या मोठ्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणात सहभागी होता, त्यावरून हा गैरसमज निघाला असावा. त्या गाण्यात ड्रमवर बँडचा मिक ॲव्हरी नव्हे, तर सेशन वादक बॉबी ग्रॅहम होता, हे मात्र सर्वमान्य आहे. ॲव्हरीच्या वाट्याला खंजिरी आली. पियानोसाठी आर्थर ग्रीन्स्लेडचे नाव घेतले जाते. पुढे डीप पर्पलमध्ये प्रसिद्धीस आलेल्या जॉन लॉर्डनेही तो आपणच वाजवल्याचे सांगितले होते.

लंडनच्या वादकांत रसिकांचे सर्वाधिक प्रेम मिळाले ते निकी हॉपकिन्स (१९४४–९४) या पियानोवादकाला. रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये तो शिकला. १९६३ मध्ये पोटाच्या दुखण्याने (क्रोन्स आजार) तो दीड वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात होता. गावोगावचे दौरे त्याला झेपणारे नव्हते, म्हणून तो स्टुडिओकडे वळला. ‘माय जनरेशन’ या हू बँडच्या तबकडीपासून (१९६५) त्याची बोटे सर्वत्र ऐकू येतात : रोलिंग स्टोन्सचे ‘शीज अ रेनबो’ व ‘अँजी’, बीटल्सच्या ‘रेव्होल्यूशन’ची छोटी तबकडी, जॉन लेननचे ‘जेलस गाय’, जो कॉकरचे ‘यू आर सो ब्यूटिफुल’. ‘सिंपथी फॉर द डेव्हिल’ घडत असताना जून १९६८ मध्ये ऑलिंपिक स्टुडिओत फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक झां-ल्युक गोदारचा कॅमेरा चालू होता. या गाण्याची चाल संथ वळणावरून सांबाच्या ठेक्यावर कशी आली, हे त्यामुळे डोळ्यांनी पाहता येते. हॉपकिन्सचा पियानो गायकाच्या ओळीत कधी घुसत नाही. ओळ संपली की तो वरच्या सप्तकात दोन-चार स्वरांची जागा घेतो आणि पुढची ओळ यायच्या आत बाजूला होतो. ‘जेलस गाय’ केवळ पियानोकडे कान देऊन एकदा ऐकल्यास हे सहज लक्षात येते. किंक्सच्या ‘सेशन मॅन’ (१९६६) या गाण्याचा रोख त्याच्यावरच असल्याचे मानले जाते. त्या गाण्याची सुरुवातीची हार्पसिकॉर्डही त्यानेच वाजवली आहे. स्वतःच्या नावाची ‘द टिन मॅन वॉज अ ड्रीमर’ (१९७३) ही त्याची तबकडी फारशी खपली नाही. ती आहे त्यापेक्षा पुष्कळ अधिक ऐकली जायला हवी.

भारतीय वादक : ब्रिटिश रॉकमधील भारतीय सेशन वादकांची नोंद इंग्रजी ग्रंथांत बहुधा तळटीपेत आढळते. बीटल्सच्या ‘लव्ह यू टू’ची (११ एप्रिल १९६६) तबल्याची साथ अनिल भागवत यांची आहे. अयाना अंगडी यांनी लंडनमध्ये स्थापलेल्या एशियन म्युझिक सर्कलकडून त्यांना बोलावणे आले. आपण कुणासाठी वाजवणार आहोत हे न्यायला आलेली रोल्स-रॉइस पाहिल्यावर उमगले, असे त्यांनी पुढे सांगितले. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने रविशंकरांच्या धर्तीवर सोळा मात्रांचे काही सुचवले, तरी वाजवण्याची मोकळीक त्यांनाच होती. हे गाणे असलेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले. त्याच तबकडीतील ‘एलेनॉर रिग्बी’साठी वाजवणाऱ्या आठ तंतुवादकांना तो मान मिळाला नाही. ‘लव्ह यू टू’मधील मुख्य सतार कोणाची, हे विवाद्य आहे. बीटल्सचे अभ्यासक मार्क लुईसन ती हॅरिसनची मानतात, तर काही अभ्यासक सर्कलच्या अनामिक वादकाची. हॅरिसनचा तेव्हाचा अल्प सराव पाहता दुसऱ्या मताकडे दुर्लक्ष करता येत नाही. बीटल्सच्याच पुढच्या वर्षीच्या ‘विदिन यू विदाउट यू’मधील भारतीय वादकांची नावे वेष्टनावर नव्हती. नटवर सोनी (तबला), अमृत गज्जर (दिलरुबा), बुद्धदेव कन्सारा (तंबोरा) ही नावे रसिकांपर्यंत पोहोचायला अनेक दशके जावी लागली.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसनने मुंबईत एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित केले. स्टुडिओत एकपदरी (मोनो) मुद्रणाचेच यंत्र होते, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोनपदरी (स्टिरिओ) यंत्र कोलकात्याहून रेल्वेने आणवले, अशी हॅरिसनची आठवण आहे. कचेऱ्यांच्या वरच्या त्या खोलीत बाहेरचा आवाज अडवण्याची सोय नव्हती. संध्याकाळी साडेपाचला कचेरी सुटली की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे आणि काही तुकड्यांत रस्त्यावरच्या टॅक्सीही ऐकू येतात. या तबकडीच्या वेष्टनावर आशीष खाँ (सरोद), महापुरुष मिश्र (तबला व पखवाज), शिवकुमार शर्मा (संतूर), एस. आर. केंकरे (बासरी), विनायक व्होरा (तार शहनाई) आदींची नावे आहेत, त्यांतील काहींचे स्पेलिंग चुकलेले. ‘चंद्र शेखर’ एवढेच छापलेले सूरबहारवादक म्हणजे चंद्रशेखर नारिंग्रेकर. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचा वाद्यमेळ मुद्रित झाला. मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या पाठीमागच्या बाजूवर ते प्रसिद्ध झाले, पण तेथे वादकांचा उल्लेख नाही. बासरीसाठी बहुतेक याद्या हरिप्रसाद चौरसियांचे नाव देतात, काही केंकरे यांचेही देतात. ‘वंडरवॉल’च्या वेष्टनावर केंकरे आहेत आणि चौरसिया नाहीत. त्या बैठकांत दोघांचाही सहभाग होता असे धरल्यास या दोन्ही गोष्टींचा मेळ बसतो.

रसिक व मान्यता : चाहत्यांचे काम मुख्यतः तुलनेचे आहे. निरनिराळ्या देशांतील आवृत्त्यांची वेष्टने, एकपदरी व स्टिरिओ प्रतींमधील फरक, मुलाखती आणि करारनामे ते समोरासमोर ठेवतात. त्यातून तयार झालेल्या सूची आज कंपन्याही पुनर्मुद्रणाच्या वेळी वापरतात. या श्रमांचे मोल ज्ञानकोशांनी पुरेसे ओळखलेले नाही. आपल्याकडील हिंदी चित्रपटसंगीताच्या तबकड्यांवरही वादकांची नावे क्वचितच असत. तेथेही याच तऱ्हेचे काम रसिकांनीच अंगावर घेतले आहे.

संस्थात्मक मान्यता उशिरा आली. अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २००० मध्ये साथीदारांसाठी वेगळा विभाग सुरू केला. त्यात पहिल्याच वर्षी ब्लेन, पामर व जेमर्सन यांचा समावेश झाला. हॉपकिन्स व के यांची निवड २०२५ मध्ये झाली. स्टुडिओतील वादकांचे काम हा सामुदायिक उद्योग असतो आणि या गौरवात ते दिसत नाही, अशा भूमिकेतून के यांनी समारंभाला जाण्याचे नाकारले.

गायिकांच्या बाबतीत उपेक्षा अधिकच झाली. स्टोन्सच्या ‘गिमी शेल्टर’मध्ये (१९६९) मिक जॅगरच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्यावर चढ गाणाऱ्या मेरी क्लेटनच्या पहिल्या नावाचे स्पेलिंग तबकडीवर चुकीचे छापले गेले. पिंक फ्लॉइडच्या ‘द ग्रेट गिग इन द स्काय’साठी क्लेअर टॉरीने जानेवारी १९७३ मधील एका रविवारी शब्दांवाचून आलाप गायले. सुट्टीचा दुप्पट दर धरून तिला ३० पौंड मिळाले. गाण्याची सुरावट मूळ पियानोच्या स्वरसंगतीवर तिने जागच्या जागी रचली होती. २००४ मध्ये तिने दावा लावला. पुढच्या वर्षी तो न्यायालयाबाहेर मिटला आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याच्या शेजारी तिचे नाव छापले जाते.