श्वसन महासंकुले

तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) आंतरपटलात श्वसनसाखळीतील, म्हणजे इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत पोचवणाऱ्या साखळीतील, १ ते ४ क्रमांकांची प्रथिन संकुले एकमेकांना चिकटून जे मोठे, ठरावीक रचनेचे समूह बनवतात, त्यांना श्वसन महासंकुले म्हणतात. सस्तन प्राण्यांतला सर्वांत परिचित समूह म्हणजे रेस्पिरासोम. त्यात संकुल १ ची एक प्रत, संकुल ३ ची जोडी आणि संकुल ४ ची एक प्रत असते. संकुल २ बहुधा सुटेच आढळते. पावाच्या यीस्टमध्ये संकुल १ नसतेच. तिथे संकुल ३ च्या जोडीला संकुल ४ च्या एक किंवा दोन प्रती बिलगलेल्या असतात.

संकुले पटलात सुटी फिरतात आणि यूबिक्विनोन व सायटोक्रोम सी हे लहान वाहक त्यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनची ने-आण करतात, असे चित्र १९८० च्या दशकात रूढ होते. २००० साली शेगर आणि फायफर या संशोधकांनी डिजिटोनिन हे सौम्य अपमार्जक (डिटर्जंट) वापरून पटल विरघळवले, तेव्हा प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर संकुले एकत्रच सरकलेली दिसली. हे एकत्र येणे त्या प्रक्रियेतूनच घडले असावे, ही शंका रास्त होती. २०१६ मध्ये डुक्कर, मेंढी आणि गाय यांच्या हृदयांतील रेस्पिरासोमची रचना शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडली आणि पुढे अखंड पटलांतही ती दिसल्यावर शंकेला फारशी जागा उरली नाही.

उपयोगाचा प्रश्न मात्र खुला आहे. संकुले जवळ असल्याने इलेक्ट्रॉन थेट पुढे पोचतात, हे म्हणणे आकर्षक असले तरी पुरावा त्या बाजूने झुकत नाही: यूबिक्विनोनचा साठा सर्व संकुलांना सामाईक असल्याचे, म्हणजे तो एकाच महासंकुलापुरता राखीव नसल्याचे, अनेक प्रयोग दाखवतात. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सी५७बीएल/६ उंदरांत संकुल ३ व ४ यांना जोडणारे प्रथिन सदोष असते, तरी ते उंदीर धडधाकट जगतात.

त्याच आंतरपटलातील एटीपी सिंथेज, म्हणजे पेशीचा ऊर्जावाहक रेणू एटीपी बनवणारे विकर, याच्या बाबतीत मांडणीचे काम अधिक स्पष्ट आहे. हे विकर जोडीने राहते. जोडीतले दोन रेणू एकमेकांशी कोन करतात, त्यामुळे पटल वाकते. अशा जोड्यांच्या लांब रांगा आंतरपटलाच्या घड्यांच्या कडांवर असतात. यीस्टमधून जोडी बांधणारी ई आणि जी ही उपएकके (विकराचे घटक-प्रथिन) काढली की घड्यांऐवजी कांद्यासारखे एकात एक थर तयार होतात. म्हणजे इथे प्रथिनेच पटलाला आकार देतात.

महासंकुले टिकण्यासाठी कार्डिओलिपिन हा मेदरेणू लागतो. बार्थ विकारात टॅफाझिन जनुकातील दोषामुळे तो नीट तयार होत नाही, महासंकुले अस्थिर होतात आणि मुख्यतः मुलग्यांत हृदयाचे व हातापायांचे स्नायू दुर्बल होतात.