वजनाच्या ऑपरेशननंतर टेन्शनमध्ये खावंसं वाटतं, तेव्हा

(आमच्या दुकानातून प्रोटीन पावडर आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

"पोट तर भरलं आहे, मग चिवड्याचा डबा काऊन आठवते?" नागपूरहून ऑपरेशन करून आलेले ग्राहक काही महिन्यांनी काउंटरवर हळूच हा प्रश्न विचारतात. गर्दीत सगळं सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

वजन उतरवायच्या ऑपरेशनच्या स्लीव्ह या प्रकारात पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. भुकेचा निरोप देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं, त्यामुळे सुरुवातीचे महिने भूक फारशी लागत नाही. बायपास या दुसऱ्या प्रकारात (हृदयाचं नव्हे, पोटाचं) जेवणासाठी पोटाची जेमतेम ३० मिलीची पिशवी उरते आणि ती आतड्याला जोडतात. पण जीव घाबरा झाला की काहीतरी तोंडात टाकायचं, ही वर्षानुवर्षांची सवय ऑपरेशनच्या टेबलावर सुटत नाही. त्यात तुमचा दोष काही नाही.

पोटाची भूक हळूहळू वाढते आणि साध्या वरणावरही भागते. टेन्शनची भूक एकदम उठते, आणि तिला शेव नाहीतर आलूबोंडाच पाहिजे असतो. घट्ट वरण आणि अंडं खाल्लं की चार घासांत पोट बस म्हणतं. चिवडा, बिस्किटं, आइस्क्रीम मात्र लहान पोटातूनही सरसर उतरतात. तासभर बकाणे भरले तरी पोट तक्रार करत नाही. उतरलेलं वजन परत चढतं ते अशानंच. गोड प्रोटीन बारही आमच्या मते त्याच रांगेतले, विकतो आम्हीच, तरी सांगतो.

कापसाच्या हंगामाचं पाहा. जिनिंगवर गाडी लावली की अख्खा दिवस रांगेत जातो. ओलावा ८ टक्क्यांच्या वर निघाला की भाव कापला जाणार, पैसे कधी जमा होणार, सोसायटीचं कर्ज कधी फिटणार, हेच डोक्यात. समोर टपरी, कढईतून आलूबोंडे निघताहेत, सोबतचे म्हणतात, "एकानं काय होते?" अशा दिवशी मनाला आवरण्यापेक्षा घरूनच तयारी करून निघालेलं बरं. डब्यात उकडलेली अंडी किंवा पनीरचे तुकडे ठेवा, खाण्याची वेळ चुकवू नका. दुपारचं जेवण राहिलं की संध्याकाळी हात आपोआप तळणाकडे जातो. पाणी घोट घोट, पण जेवताना नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून. तरी जीव टपरीकडे ओढू लागला तर गाडीवरून उतरून गेटापर्यंत दोन चकरा मारा. श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं दहा-बारा वेळा करा. ही ओढ बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते.

आलूबोंडा टाळला म्हणून खर्रा धरू नका. तंबाखू असाही वाईटच, आणि बायपास झालेल्यांना पिशवी-आतड्याच्या जोडाच्या जागी अल्सर (जखम) होण्याची भीती. दारूचं त्याहून बिकट. ऑपरेशननंतर ती लवकर चढते, थोडीही जास्त लागते, आणि खाण्याचा आधार सुटलेली काही माणसं नेमकी तिच्यात अडकतात. मोहाची असो की दुकानातली, सारखीच.

घरी असणाऱ्यांची अवघड वेळ संध्याकाळची. पोरांसाठी फरसाण काढताना एक मूठ आपल्या तोंडात जाते. त्या वेळी हाताला काम द्या: तूर निवडा, वाती वळा, सांभार निवडायला घ्या. त्याहून उपयोगी म्हणजे नेमकं काय खुपतंय ते बहिणीला, जावेला, कोणाला तरी फोन करून सांगणं. आमच्याकडे येऊन सांगितलं तरी चालेल, दुकानात खुर्ची आहे.

रब्बीत रात्रीची लाईट आली की ओलितासाठी जागरण होतं. अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशी खा-खा सुटते. ते टाळता येत नसेल तर दुपारी झोप भरून काढा, आणि शेतावर चहा-बिस्किटांऐवजी पातळ, बिनसाखरेचं ताक न्या.

पोळ्याला पुरणपोळीचा आग्रह होणारच. बायपास झालेल्यांना गोडानं १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, चक्कर, जुलाब होऊ शकतात, कारण साखर थेट आतड्यात उतरते. कधी एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून हातपाय थरथरतात. स्लीव्हवाल्यांना हा त्रास कमी असतो, म्हणून त्यांनी गोड खायला मोकळं झालो असं समजू नये. वाढणाऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा. ऐन पंगतीत नाही म्हणणं जड जातं.

टेन्शननं डोकं दुखलं तर बायपासवाल्यांनी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये. वारंवार उलट्या होत असतील, पाणीही ठरत नसेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर आमच्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जा. सततच्या उलट्यांनी व्हिटॅमिन बी-१ कमी होऊन नसांवर परिणाम होतो. रात्री लपून खाणं आवरेनासं झालं, काही करावंसंच वाटेना, किंवा जीव नको झाला, तर १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे. फुकट, २४ तास, मराठीतून बोलता येतं.

पावडरीबद्दल: बहुतेकांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगितलेलं असतं, ते आधी अन्नातून आणि उरलेलंच पावडरीतून. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा. पुढच्या वेळी येताना डिस्चार्ज कार्ड आणा. स्लीव्ह की बायपास ते पाहिल्याशिवाय आम्ही गोळ्या बदलून देत नाही.