पालकांकडून होणारी भावनिक हेळसांड (समाजमाध्यमांच्या संदर्भात)

आईवडील घरात असूनही फोनमध्ये इतके गुंतलेले की मुलाच्या बोलण्याला, रडण्याला, भीतीला दाद मिळत नाही, अशी दीर्घकाळ चाललेली स्थिती. भारतीय कायद्यात तिला वेगळे नाव नाही. जबाबदारीचा विचार होतो तो बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ वरून. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून हेळसांड केली आणि त्यामुळे मुलाला विनाकारण मानसिक वा शारीरिक क्लेश होण्याचा संभव असला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही.

या शब्दयोजनेचे मूळ बहुधा इंग्लंडच्या १९३३ च्या मुलांविषयीच्या कायद्यात दाखवतात. गाभा मात्र तेथील १८८९ च्या बालक्रौर्य प्रतिबंधक कायद्याइतका जुना असावा. भारतात मद्रास (१९२०), बंगाल (१९२२), मुंबई (१९२४) व मध्य प्रांत (१९२८) असे बालकविषयक कायदे झाले. विदर्भातील या कायद्यांचा धागा मुंबईपेक्षा मध्य प्रांताशी जोडणे अधिक युक्त, तोही मुख्यतः नागपूरकडील जिल्ह्यांपुरता. वऱ्हाडावर निजामाचे नाममात्र स्वामित्व राहिल्याने तेथे कायदे स्वतंत्रपणे लागू करावे लागत. मानसिक क्लेशाचा स्पष्ट उल्लेख भारताच्या २००० च्या बाल न्याय कायद्यातही आहे. इंग्लंडने तो मुद्दा दुरुस्तीने स्पष्ट केला २०१५ मध्ये.

खरा वाद ‘जाणूनबुजून’ या शब्दाचा. सवयीने झालेले दुर्लक्षही त्यात येते, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार मुलाची गरज पालकाला ठाऊक असली पाहिजे, किंवा तिची त्याला फिकीर नसली पाहिजे. शेपर्ड खटल्यात (सुमारे १९८०) इंग्लंडच्या उमरावसभेने (तेव्हाचे तेथील सर्वोच्च न्यायपीठ) हीच भूमिका घेतली. ती अधिक ग्राह्य वाटते. कापूस वेचून दिवेलागणीला परतलेल्या, थकून फोन हाती घेतलेल्या आईला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे होईल. उलट, मूल मिटत चालल्याचे अंगणवाडी सेविकेने वारंवार सांगूनही न हलणाऱ्या सुखवस्तू घराला ही सबब मिळू नये.

गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समिती आणि जिल्ह्याला बाल कल्याण समिती असते. १०९८ या बालक मदत क्रमांकावर कळवता येते. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी (ता. पुसद) येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी केली. त्याच वर्षी सांगलीकडील मोहित्यांचे वडगाव येथे सुरू झालेला सायंकाळचा भोंगा थोरांनाही फोन खाली ठेवायला लावतो. बान्सीचा ठराव मुलांपुरता होता.