एक्स-रेची गाडी आणि खोकल्याची बाटली

आरोग्य मानसशास्त्र म्हणजे माणसाचं मन, त्याचं वागणं आणि त्याची तब्येत यांचा संबंध तपासणारा विषय. त्याचं कुठलंही क्रमिक पुस्तक घ्या, पहिल्या प्रकरणात १९७८ हे साल भेटतंच. त्या वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या विषयासाठी ३८ क्रमांकाचा स्वतंत्र विभाग काढला आणि जोसेफ मॅटारॅझो त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९८० मध्ये त्यांनी केलेली विषयाची व्याख्या इतकी लांब आहे की एका दमात म्हणून होत नाही. सोलापुरात बी.ए.ला किंवा एम.ए.ला हा पेपर घेणारी मुलं ती पाठ करतात, वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवतात आणि इतिहास आटोपला असं समजून ताणतणावाच्या प्रकरणाकडे वळतात.

मला विचाराल तर या विषयाचा वाचण्यासारखा इतिहास त्या सालाच्या आधीचा आहे. त्यातला बराचसा अशा गावांत घडला, जिथे जायला सोलापूर स्टेशनवरून थेट गाडी मिळते.

गोष्ट क्षयाची आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेचं सार्वजनिक आरोग्य खातं छातीचे एक्स-रे फुकट काढून देत होतं. यंत्र बसवलेल्या गाड्या थेट वस्त्यांमध्ये नेल्या. पैसे नाहीत, लांब जायचं नाही, वेळ मोडायचा नाही, आणि तरीही लोक येईनात. खात्यातले मानसशास्त्रज्ञ गॉडफ्री हॉकबाम यांनी लोकांनाच जाऊन विचारलं. क्षय आपल्याला होऊ शकतो असं ज्यांना वाटत होतं आणि वेळेत कळलं तर फायदा आहे असंही वाटत होतं, ते गाडीपाशी आले होते. ज्यांना यातलं काहीच वाटत नव्हतं, ते बहुतेक घरीच बसले होते. १९५८ मध्ये हा अभ्यास छापून आला. हॉकबाम, आयर्विन रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जे उभं केलं ते ‘आरोग्य-विश्वास प्रारूप’ (हेल्थ बिलीफ मॉडेल). आज ते चौकटी आणि बाणांच्या आकृतीसह प्रत्येक पेपरात असतं. आजार होण्याची शक्यता किती, गांभीर्य किती, फायदा किती, अडचण किती, या सगळ्याचा हिशेब माणूस मनात मांडतो आणि मग दवाखान्याची पायरी चढतो किंवा चढत नाही, असं ते सांगतं.

याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं, हे मात्र पुस्तकात क्वचितच सापडतं.

१९५६ मध्ये मद्रासला क्षयावरच्या औषधोपचारांचं संशोधन केंद्र सुरू झालं. प्रश्न सरळ होता: क्षयाच्या रुग्णाला सॅनेटोरियममध्येच ठेवायला हवं, की घरी ठेवून गोळ्या दिल्या तरी चालेल? तोवर जगभर एकच उत्तर होतं: थंड हवा, पूर्ण विश्रांती, दूध-अंडी. आपल्या गावात कुणाला क्षय झाला की ‘मिरजेला नेलं’ असं ऐकलेली पिढी अजून आहे. मद्रासमधल्या रुग्णांना दोन गटांत वाटून वर्षभर औषध दिलं गेलं. घरी राहणारे गरीब होते, दाटीवाटीने राहत होते, त्यांचं खाणंही निकृष्ट होतं. १९५९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांत बरे होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं. घरच्यांनाही जादा धोका झाला नव्हता. सॅनेटोरियमचा जमाना तिथून उतरणीला लागला.

पण या निकालाच्या पोटात मानसशास्त्राचा एक प्रश्न लपलेला होता. दवाखान्यात नर्स समोर उभी राहून गोळी गिळायला लावते. घरी कोण बघणार? महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस धरतं आणि बरा वाटणारा माणूस गोळ्या फडताळात ठेवून कामाला लागतो. मद्रासच्या संशोधकांनी न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासून औषध पोटात गेलं का ते पाहिलं. पुढे १९९७ मध्ये देशात सुधारित क्षयरोग कार्यक्रमातून ‘डॉट्स’ पद्धत आली, म्हणजे कुणाच्या तरी देखत गोळी घ्यायची. तिचं मूळ या मोजणीत आहे. ‘औषधोपचाराचं पालन’ नावाचं जे प्रकरण मुलांना कोरडं वाटतं, त्यामागे मद्रासच्या चाळींमधल्या या अचानक भेटी आहेत.

दुसरा अभ्यास बंगळूरचा. तिथे १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था उभी राहिली. तिथल्या देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन, ज्यांना क्षय असल्याचं पाहणीत आढळलं होतं अशा लोकांना गाठलं. सगळ्यांची समजूत अशी की खेडूत अडाणी, देवऋषी करत बसतो, दवाखान्यात येत नाही. १९६३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनी ही समजूत उलटी केली. निम्म्याहून अधिक रुग्ण आपण होऊन कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली हातात देऊन परत पाठवलेलं होतं.

अमेरिकेत गाडी दारात आली आणि लोक आले नाहीत. तुमकुरात लोक पायपीट करून गेले आणि दवाखान्यानेच त्यांना ओळखलं नाही. आता यातल्या कुणाच्या ‘वर्तनाचा’ अभ्यास करायचा? हॉकबाम चुकले असं मी म्हणत नाही. त्यांनी ज्यांना विचारलं त्यांच्यापुरतं ते खरंच होतं. पण आपल्या मुलांना एकच गोष्ट शिकवली जाते, आणि मग प्रकल्पाच्या शेवटी शिफारस म्हणून ‘लोकांमध्ये जागृती करावी’ हे वाक्य प्रत्येक जण लिहितो. रुग्ण आधीच जागा असू शकतो, हे तुमकूरने साठ वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय.

सोलापुरात हे ताडून पाहायला लांब जावं लागत नाही. पूर्व भागात दारात बसून सुपात पानं आणि तंबाखू घेऊन विडी वळणाऱ्या बाईला तंबाखूचे दुष्परिणाम पोस्टर दाखवून सांगायची गरज नसते. तिची बोटं, तिची कंबर, रात्रीचा खोकला हे सगळं तिला पाठ आहे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि वाईट वळलेली विडी बाजूला काढली जाते, हेही पाठ आहे. आरोग्य-विश्वास प्रारूपाच्या आकृतीत ‘अडचणी’ नावाची जी एक छोटी चौकट असते, तीच इथे सगळं पान व्यापते.

१९७७ मध्ये जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लेख लिहून वैद्यकशास्त्राला नवं प्रारूप हवं असं म्हटलं. आजार नुसता शरीराचा नाही, त्यात मन आहे आणि समाजही आहे, म्हणून जैव-मनो-सामाजिक. नाव जडशीळ असलं तरी विषयाचा कणा हाच. गंमत अशी की या जोडशब्दातल्या ‘सामाजिक’ला पुस्तकात दोन-तीन ओळी मिळतात. सोलापुरात मात्र विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं आंदोलन करून कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळवली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. त्यापुढची रे नगरची १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये. ज्या खोलीत तंबाखू, त्याच खोलीत चूल आणि तिथेच झोपलेलं मूल, ही स्थिती बदलायची तर समुपदेशनाच्या किती बैठका लागतील? घराला दुसरी खोली असणं हाही आरोग्य मानसशास्त्राचा विषय आहे, फक्त तसा कुणी शिकवत नाही.

ताणाचं प्रकरण मुलांचं आवडतं, म्हणून त्याच्या मागची हकिकत जरा सांगतो. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास ‘लढा किंवा पळा’ ही शरीराची प्रतिक्रिया वर्णन केली. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटं पत्र छापलं: थंडी, जखम, विष, काहीही असो, उंदरांच्या शरीरात ठरावीक तेच बदल होतात. त्याला त्यांनी पुढे स्ट्रेस म्हटलं. सेल्ये यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. इंग्रजीत बाहेरून पडणारा जोर म्हणजे स्ट्रेस आणि त्याने आत होणारा परिणाम वेगळा, त्याला स्ट्रेन म्हणतात. आपण शब्द निवडताना घोटाळा केला, हे त्यांनीच नंतर कबूल केलं. मराठीत ही पंचाईत नाही, दोन्हींना ताणच. मागावर काम केलेल्या माणसाला तर ताण समजावूनही सांगावा लागत नाही. ताण्याचा धागा सैल राहिला तर कापड झोळ खातं, जास्त ओढला तर तुटतो, आणि दिवसाची मजुरी त्या तुटण्यावर ठरते.

याच हकिकतीतला पुढचा भाग वर्गात सहसा निघत नाही. अमेरिकेत तंबाखू कंपन्यांवर खटले झाले, त्यांची अंतर्गत कागदपत्रं उघडी पडली. त्यातून दिसलं की सेल्ये यांना या कंपन्यांकडून पैसा मिळत होता. हृदयविकाराचं नातं उतावीळ, चढाओढ करणाऱ्या ‘अ’ प्रकारच्या स्वभावाशी जोडणाऱ्या संशोधनालाही तिथून मदत गेली. कंपन्यांचा मतलब उघड होता: दोष सिगारेटचा नाही, माणसाच्या स्वभावाचा आणि ताणाचा, आणि सिगारेट तर ताण हलका करते. ‘टेन्शन आलं म्हणून ओढतो’ हे वाक्य आपल्याकडे नाक्यानाक्यावर ऐकू येतं. मिशरी लावणाऱ्या आजीही ‘त्याशिवाय डोकं चालत नाही’ म्हणतात. यातला अनुभव खरा असतो. पण त्याचा मोठा वाटा तलफ भागण्याचा असतो, आणि तलफ तंबाखूनेच लावलेली असते. तंबाखूवर पोट असलेल्या शहरात हा विषय शिकताना एवढा इतिहास तरी माहीत असायला हवा.

भारतात विद्यापीठीय मानसशास्त्राची सुरुवात कलकत्त्याची. १९१६ च्या सुमारास तिथे नरेंद्रनाथ सेनगुप्तांच्या हाताखाली प्रयोगशाळा चालू झाली. ते हार्वर्डला शिकून आले होते, त्यामुळे विषय परदेशी वेष्टनातच आला आणि बराच काळ तत्त्वज्ञानाच्या विभागाचं शेपूट म्हणून राहिला. आरोग्याशी त्याची गाठ पडली ती मुख्यतः मनोरुग्णालयांच्या वाटेने. बंगळूरची मानसिक आरोग्य संस्था १९५४ ची, तीच पुढे निम्हान्स झाली. अंगाने आजारी माणसाच्या मनाकडे बघणारे कमी होते. अलाहाबादच्या अजित दलाल यांनी दवाखान्यातल्या रुग्णांना आजाराचं कारण विचारलं तेव्हा कर्म आणि देव ही उत्तरं वारंवार आली, आणि त्यांनी ती अंधश्रद्धेच्या खात्यात न टाकता बरं होण्याशी त्यांचा काय संबंध लागतो ते तपासलं. आपल्या मुलांनी मॅटारॅझोच्या आधी हे वाचावं असं मला वाटतं.

सोलापूरची शैक्षणिक वंशावळ थोडी गुंतागुंतीची आहे. दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये निघालं तेव्हा विद्यापीठ मुंबईचं. मग १९४९ पासून पुण्याचं, १९६२ नंतर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. स्वतःचं विद्यापीठ आलं १ ऑगस्ट २००४ ला, फक्त एका जिल्ह्यासाठी, आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. दुसरीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून शहरात आहे, पण १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झाल्यावर वैद्यकाची दोरी तिकडे गेली. म्हणजे एकाच शहरात मन शिकणाऱ्यांचं विद्यापीठ केगावला आणि शरीर शिकणाऱ्यांचं नाशिकला. दोन्हींच्या मध्ये बसणाऱ्या विषयाची प्रॅक्टिकल कुठे करायची, याचं उत्तर आजही बहुतेक वेळा अर्ज, शिक्का आणि कुणाची तरी ओळख असंच असतं.

पदवीनंतर काय, हा प्रश्न पालक पहिल्याच दिवशी विचारतात. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्यामुळे ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ ही पाटी लावायला परिषदेची नोंदणी लागते, नुसतं एम.ए. पुरत नाही. नोकऱ्या निघाल्या त्या समुपदेशकांच्या: एचआयव्ही तपासणी केंद्रांत, किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये, मधुमेह-रक्तदाबाच्या कार्यक्रमात. बहुतेक कंत्राटी. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञांनाही यादीत घेतलं, आणि २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. नोकरी सांभाळून एम.ए. करणाऱ्यांची त्यात अडचण झाली, पण माणसाशी बोलायला शिकणं घरबसल्या जमत नाही हेही तितकंच खरं.

आणि बोलायचं कुठल्या भाषेत? मोजमापाच्या प्रश्नावल्या मुळात इंग्रजी. कुणीतरी त्यांचं मराठी केलेलं असतं, तेही ‘गेल्या महिन्याभरात आपणांस कितपत असहाय्य वाटले’ अशा थाटाचं. समोर बसलेली बाई घरात तेलुगू बोलते, शेजारणीशी कन्नड किंवा दखनी उर्दू, आणि मराठीत ‘जीव घाबरा होतोय’, ‘डोकं गच्च झालंय’ एवढं सांगते. पाच पर्यायांतला ‘बहुतांशी’ तिला कळत नाही. ती ‘असतंय की’ म्हणते आणि विद्यार्थी अंदाजाने तीनच्या आकड्याला गोल करतो. म्हणून प्रकल्पाचे गट पाडायची वेळ आली की पूर्व भागात राहणाऱ्या, पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या एखाद्या मुलीला अचानक भाव येतो. प्रत्येक गटाला ती आपल्यातच हवी असते. तिला सोबत घेऊन गेलेल्यांच्या वह्यांत प्रश्नावलीच्या बाहेरची पानं भरलेली असतात.