पेटंट सरकारी पैशाचं, जोखीम छोट्या कंपनीची

मोबाइलमधल्या कॅमेऱ्याची चिप मुळात मोबाइलसाठी जन्मलीच नव्हती, तिला अंतराळात जायचं होतं. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे. ती चालवते कॅल्टेक ही शिक्षणसंस्था. पैसा नासाचा, म्हणजे अमेरिकी करदात्यांचा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एरिक फॉसम आणि त्यांचे सहकारी यानांवरचे कॅमेरे लहान कसे करता येतील, या प्रश्नामागे लागले होते.

तेव्हा कॅमेऱ्यांत सीसीडी चिप असायची. प्रकाश पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटे होतात. सीसीडीत प्रत्येक पिक्सेलमधले इलेक्ट्रॉन शेजारच्या पिक्सेलकडे, तिथून पुढच्याकडे, असे सरकवत चिपच्या कडेपर्यंत न्यावे लागतात, कारण मोजणी तिथेच होते. समजा, हजार वेळा सरकवायचे आहेत आणि दर वेळी हजारातला एकच इलेक्ट्रॉन मागे राहतो. गळती अगदी किरकोळ वाटते, पण शेवटी पोचतात शेकडा 37! शेकडा 99 पोचायला हवे असतील तर गळती लाखात एकवर आणावी लागते. हे साधणारे कारखाने होते, पण अंतराळातला किरणोत्सर्ग सिलिकॉनच्या स्फटिकात बारीक दोष निर्माण करतो, इलेक्ट्रॉन त्यांत अडकतात आणि गळती पुन्हा वाढते.

फॉसम यांच्या गटाने हा प्रवासच रद्द केला. प्रत्येक पिक्सेलला त्याचा स्वतःचा छोटा अॅम्प्लिफायर दिला. इलेक्ट्रॉन पिक्सेलच्या आतल्या आत एकदाच सरकतात आणि जागच्या जागी मोजले जातात. मोजण्याआधी रिकाम्या पिक्सेलचं वाचन घेऊन ते नंतरच्या वाचनातून वजा करायचं, म्हणजे बराचसा गोंगाट, म्हणजे मोजणीत मिसळणारी नको ती गडबड, निघून जातो (दुकानदार आधी रिकामं भांडं तोलून घेतो, तसंच). खरी गंमत पुढे आहे. ही चिप सीमॉस पद्धतीने, म्हणजे संगणकाच्या मेमरी आणि प्रोसेसर बनतात त्याच पद्धतीने बनवता येत होती. वेगळा कारखाना नको, वीजही बरीच कमी.

एवढं असूनही उद्योगजगत लगेच धावून आलं नाही. सीसीडीवर मोठ्या कंपन्यांचे कारखाने उभे होते, आणि सुरुवातीच्या सीमॉस चिपचं चित्र सीसीडीच्या मानाने डावंच होतं. चालत्या धंद्याला स्वतःच्या हाताने सुरुंग कोण लावणार? शेवटी 1995 मध्ये फॉसम, सब्रिना केमेनी आणि काही सहकाऱ्यांनी फोटोबिट नावाची छोटी कंपनी काढली आणि कॅल्टेककडून या तंत्रज्ञानाचा एकाधिकार परवाना घेतला.

परवाना म्हणजे विक्री नव्हे. पेटंट कॅल्टेकच्याच नावावर राहिलं. कंपनीला मिळाला तो वापराचा हक्क, भाडेकराराने जागा मिळावी तसा. अशा करारात साधारणपणे ठरतं ते असं: सुरुवातीची रक्कम किती, विक्रीवर रॉयल्टी किती टक्के, हक्क सगळ्या वापरांसाठी की ठरावीक क्षेत्रापुरता, आणि अमुक मुदतीत अमुक मजल गाठली नाही तर परवाना परत. हे शेवटचं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाहीतर एखादी कंपनी परवाना घेऊन कपाटात ठेवेल, म्हणजे धूळ तीच, फक्त कपाट बदललेलं. छोट्या कंपनीकडे रोकड नसते, म्हणून अनेकदा विद्यापीठ सुरुवातीच्या रकमेऐवजी कंपनीचे शेअर घेतं.

एकाधिकार कशाला, असं कुणीही विचारेल. करदात्यांच्या पैशाने लागलेला शोध एकाच कंपनीला का? प्रयोगशाळेतला नमुना आणि बाजारातला माल यांत काही वर्षांचं खर्चिक काम असतं. ते करून झाल्यावर शेजारचा तयार वाटेवरून पुढे जाणार असेल, तर पहिला वाट पाडेलच कशाला? पण उलट उदाहरणही आहे. कोहेन आणि बॉयर या शास्त्रज्ञांच्या डीएनए जोडणीच्या पद्धतीचं पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाने कुणा एकाला दिलंच नाही. ती पद्धत कोणतीही सक्षम प्रयोगशाळा लगेच वापरू शकत होती, मग मक्तेदारी कशाला? परवाना सगळ्यांना खुला ठेवला, प्रवेश फी 10,000 डॉलर. 1997 मध्ये पेटंटची मुदत संपेपर्यंत 468 कंपन्यांनी तो घेतला आणि सुमारे 25 कोटी डॉलरची रॉयल्टी आली.

या सगळ्याच्या मागे अमेरिकेचा 1980 चा बे-डोल कायदा आहे. त्याआधी सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी सहसा सरकारकडे जायची. तेव्हाचा एक आकडा नेहमी सांगितला जातो: सरकारकडे 28,000 पेटंट, त्यांतली 5 टक्क्यांहून कमी बाजारात. आकडा बोलका आहे, पण जरा जपून वापरावा. त्यातली बरीच पेटंट संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांनी स्वतःलाच नको म्हणून सोडलेली होती. या कायद्याने विद्यापीठांना आणि छोट्या कंपन्यांना शोधाची मालकी ठेवू दिली, आणि परवाना देताना विद्यापीठांनी छोट्या कंपन्यांना प्राधान्य द्यावं असं बजावलं. छोटी म्हणजे 500 पर्यंत माणसांची, ही व्याख्या तशी सैलच. शोध जनतेपर्यंत पोचत नसेल तर सरकार मध्ये पडून दुसऱ्याला परवाना द्यायला लावू शकतं, अशीही तरतूद आहे. औषधांच्या किमतींवरून ती वापरा अशी मागणी अनेकदा झाली, पण सरकारने ते हत्यार आजवर उपसलेलं नाही.

परवाना हातात आला तरी पगार कुठून द्यायचे? 1982 मध्ये सुरू झालेली एसबीआयआर योजना इथे उपयोगी पडते. मोठा संशोधन निधी वाटणाऱ्या सरकारी खात्यांना त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढावा लागतो. आधी थोड्या पैशात कल्पना चालते का ते बघायचं, मग जास्त पैशात नमुना बनवायचा, आणि त्यापुढे कंपनीने आपलं आपण बघायचं. सरकार त्या बदल्यात शेअर मागत नाही. फोटोबिटनेही असा निधी घेतला, शिवाय गिऱ्हाइकांसाठी त्यांच्या गरजेनुसार चिप बनवून दिल्या. वेबकॅम आले, पोटातल्या आतड्याचे फोटो काढणारी, गिळता येणारी कॅमेऱ्याची गोळी आली.

या गोष्टीतली एक बाब कुठल्याच करारात लिहून देता येत नाही. पेटंट वाचून चिप बनत नाही. कुठल्या पायरीवर गोंगाट वाढतो, कारखान्याला नेमकं काय सांगितलं की नमुना बिघडत नाही, हे ज्याने हात पोळून घेतलेत त्यालाच ठाऊक असतं. फोटोबिटमध्ये पेटंटाबरोबर ती माणसंच आली होती. नुसता कागद घेऊन गेलेल्या कंपनीला हेच सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं असतं.

2001 मध्ये मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने फोटोबिट विकत घेतली. पुढे फोनमधून या चिप जगभर पसरल्या. नासा मात्र बराच काळ सीसीडीलाच धरून होती. 2012 मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटीच्या कॅमेऱ्यांतही सीसीडीच होत्या. 18 फेब्रुवारी 2021 ला पर्सिव्हरन्स मंगळावर उतरताना पॅराशूट उघडण्याचं जे चित्रीकरण आपण पाहिलं, ते बाजारात तयार मिळणाऱ्या सीमॉस कॅमेऱ्यांनी केलेलं होतं.